चार पौंडांचा कप्तान

खेळाडूला कामगार म्हटलं की आपल्याकडे माणसं दुखावतात. क्रिकेटपटू देव असतो, कबड्डीपटू मातीतला हिरा असतो, पैलवान वस्तादाच्या शब्दाबाहेर न जाणारा पठ्ठ्या असतो. पगार, विमा, करार, संघटना असले शब्द त्यांच्या तोंडी आले की 'याच्या डोक्यात हवा गेली' असं म्हणायला आपण मोकळे.

मी कोल्हापुरात वाढलो. पाटाकडील आणि प्रॅक्टिस क्लबचा फुटबॉलचा सामना असला की शाळा बुडवून शाहू स्टेडियम गाठणाऱ्या पिढीतला मी. आमच्या गल्लीतला एक जण बॅकला खेळायचा. एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि संध्याकाळी कट्ट्यावर वर्गणीची वही निघाली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. कुणी पाचशे मांडले, कुणी दोनशे, पानवाल्यानं पन्नास. सगळ्यांनी मनापासून दिले, त्यात काही खोट नव्हती. ऑपरेशन झालं, तो चालायलाही लागला, पण कट्ट्यावर यायचा मात्र बंद झाला. त्या वहीत कुणाच्या नावापुढे किती रुपये मांडलेत हे त्याला माहीत होतं आणि ते त्याला माहीत आहे हे आम्हालाही माहीत होतं. ज्याच्या खेळावर तिकिटं खपली, बॅनर लागले, त्यानं दुरुस्तीचा खर्च मात्र ओशाळून घ्यायचा.

ती निळी वही मला फार वर्षांनी आठवली, ती चार्ली रॉबर्ट्स या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूबद्दल वाचताना.

रॉबर्ट्स 1883 चा, इंग्लंडच्या ईशान्येकडल्या डार्लिंग्टनचा. बिशप ऑकलंड, मग ग्रिम्सबी टाउन, आणि एप्रिल 1904 मध्ये 600 पौंडांना मँचेस्टर युनायटेड. आज या नावाभोवती जी झळाळी आहे ती तेव्हा नव्हती. दोनच वर्षांपूर्वी न्यूटन हीथ नावाचा कर्जात बुडालेला क्लब एका दारूच्या कारखानदारानं वाचवला होता आणि त्याला हे नवं नाव मिळालं होतं. संघ दुसऱ्या श्रेणीत, मैदान क्लेटनच्या बँक स्ट्रीटवर, शेजारच्या रासायनिक कारखान्यांच्या धुरात. रॉबर्ट्स सेंटर हाफ. ही जागा आजच्यासारखी निव्वळ बचावाची नव्हती. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच अशा मांडणीत मधल्या तिघांतला मधला म्हणजे संघाचा कणा. चेंडू अडवायचाही त्यानंच आणि पुढे पोचवायचाही त्यानंच. विजारीनं गुडघे झाकले पाहिजेत असा नियम इंग्लंडमधला खेळ चालवणाऱ्या फुटबॉल असोसिएशननं 1904 मध्ये काढला, तेव्हाही हा गडी आखूड चड्डीतच खेळत राहिला. पुढे काय होणार याची चुणूक त्यात दिसते असं म्हणायचा मोह होतो, पण त्याला बहुधा पळायला सोपं जात असावं, एवढंच.

1906 मध्ये संघ पहिल्या श्रेणीत आला. 1908 मध्ये लीग जिंकली. 24 एप्रिल 1909 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर 71,401 लोकांसमोर ब्रिस्टल सिटीला 1-0 नं हरवून एफए कप, म्हणजे असोसिएशनचा कप, घेतला, आणि कप उचलणारा कप्तान होता रॉबर्ट्स. 1911 मध्ये पुन्हा लीग. क्लबच्या इतिहासातल्या या पहिल्या तीन मोठ्या विजयांत तो कप्तान होता.

आणि त्या 71,401 लोकांसमोर खेळणाऱ्या माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त 4 पौंड घेता येत होते. कायद्यानं नव्हे, तर फुटबॉल असोसिएशनच्या नियमानं. 1901 पासून ही मर्यादा होती; कितीही चांगला खेळा, कितीही गर्दी जमवा, चारच्या वर एक पेनी नाही. अनेकांना तेवढेही मिळत नसत. जोडीला दुसरा नियम: हंगाम संपला, करार संपला, तरी क्लबनं तुमचं नाव 'राखून' ठेवलं की लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जायची सोय नाही. जायचंच तर विकलं जाऊन. 1905 मध्ये सुंदरलँडनं आल्फ कॉमनला मिडल्सब्रोला 1,000 पौंडांना विकलं. चार आकडी किंमत मिळालेला तो पहिला खेळाडू. ती किंमत विकणाऱ्या क्लबच्या तिजोरीत गेली. कॉमनचा पगार नियमातला.

इथे वाचकाला आयपीएल आठवेल. 'रिटेन', 'रिलीज' हे आपल्या तोंडी बसलेले शब्द त्याच घराण्यातले आहेत. पण घाईनं बरोबरीचं चिन्ह काढू नये. आपल्या लिलावात बोली लागते ती खेळाडूच्या मानधनाची. हातोडा पडला की आकडा त्याच्या नावावर जातो. रॉबर्ट्सच्या काळात माणूस विकला जायचा आणि पैसे मालकाला मिळायचे. तेव्हा आपल्या क्रिकेटपटूंना गुलाम वगैरे म्हणणं हा चावटपणा झाला. प्रश्न पैशांचा नाहीच. नियम ठरवताना खोलीत कोण बसलेलं असतं, हा प्रश्न आहे.

एप्रिल 1907 मध्ये युनायटेडच्या राखीव संघाचा टॉमी ब्लॅकस्टॉक सामना चालू असताना कोसळला आणि गेला. वय पंचविशीचं. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी 2 डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली. बैठकीच्या अध्यक्षस्थानी होता युनायटेडचा वेल्श विंगर बिली मेरेडिथ, आणि रॉबर्ट्स पहिल्या फळीतला. आधी 1898 मध्ये एक प्रयत्न होऊन तीन वर्षांत विरला होता. या वेळी हाताशी नवा कायदा होता. कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देणारा 1906 चा कायदा नुकताच लागू झाला होता, आणि संघटनेचं म्हणणं साधं होतं: आम्हीही कामावरच जखमी होतो.

असोसिएशनला झोंबलं ते हे. आपसातलं भांडण कोर्टात न्यायचं तर आधी आमची परवानगी घ्या, असा तिचा हट्ट. संघटना इतर कामगार संघटनांच्या महासंघात सामील व्हायला निघाली तेव्हा तर आभाळ कोसळलं. म्हणजे उद्या कोळसा खाणीतल्यांच्या पाठिंब्यासाठी सेंटर फॉरवर्ड संपावर जाणार की काय! 1909 च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला. 1 जुलैपर्यंत संघटना सोडा, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी नाही म्हणजे खेळ नाही, आणि खेळ नाही म्हणजे पगारही नाही.

देशभरातल्या बहुतेकांनी निमूट सह्या केल्या. त्यांना भेकड म्हणण्याचा अधिकार मला नाही. घरी चूल असते. युनायटेडचे मात्र अडून बसले. नुकताच कप जिंकलेला संघ, आणि त्याला स्वतःच्याच मैदानात सरावाला बंदी. उन्हाळी पगार बंद. रॉबर्ट्सनं पुढे सांगितलेली एक आठवण आहे. हे सगळे पगार मागायला क्लबच्या कचेरीत गेले, तर तिथे फक्त ऑफिसातला पोऱ्या. पैसे नाहीत म्हणाला. तेव्हा सँडी टर्नबुलनं, म्हणजे कपच्या अंतिम सामन्यातला तो एकमेव गोल ज्यानं मारला त्यानं, भिंतीवरचा आरसा काढून काखेत मारला आणि चालू लागला. बाकीच्यांनीही हाताला लागेल ते उचललं. पोऱ्या रडकुंडीला आला, माझी नोकरी जाईल म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी वस्तू जागच्या जागी ठेवल्या.

मला या लढ्यातला हा क्षण सर्वांत आवडतो. मालक जागेवर नव्हताच. होता तो त्यांच्याहून कमी पगाराचा एक पोरगा, आणि त्याच्यासाठी त्यांनी आरसा परत टांगला.

मग फॅलोफिल्डच्या मैदानावर सराव सुरू झाला. फोटोवाला आला. बाकीचे रांगेत उभे राहत असताना रॉबर्ट्सनं एक फळी शोधली, तिच्यावर 'वाळीत टाकलेल्यांचा फुटबॉल क्लब, 1909' अशा अर्थाचं लिहिलं आणि ती पुढ्यात धरून बसला. दुसऱ्या दिवशी फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आणि वाळीत टाकलेल्यानं स्वतःच पाटी लिहून मिरवली की टाकणाऱ्याची काय पंचाईत होते, हेही.

रॉबर्ट्सला यात काय मिळणार होतं? जवळजवळ काहीच नाही. तो जखमी नव्हता, नावाजलेला होता, आणि त्याचा मदत-सामना, म्हणजे ज्याची कमाई खेळाडूला मिळते असा सामना, ठरला होता, 500 पौंडांची हमी असलेला. आठवड्याला चार पौंडांच्या हिशेबात ही सव्वादोन वर्षांहून जास्त पगाराची रक्कम. सही केली असती तर सगळं सुखरूप. हा मदत-सामना म्हणजेही आमची निळी वहीच होती, फक्त जास्त पानांची. क्लबची मर्जी असली तर सामना ठरायचा, आणि पाच-सहा वर्षं निमूट राहिलेल्यालाच ती मर्जी लाभायची. रॉबर्ट्स स्वतःसाठी आलेली वही पणाला लावून दुसऱ्यांच्या भरपाईसाठी भांडत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. संघटनेची गरज सर्वांत जास्त असते ती राखीव बाकावरच्या पोराला, पण ती उभी करणं त्याच्या हातात नसतं. त्याला उद्या काढलं तर परवा कुणी विचारणार नाही. ते जमतं ज्याच्यावाचून सामना अडतो त्यालाच. 1909 मध्ये असोसिएशन नमली ती न्यायबुद्धीनं नव्हे. 1 सप्टेंबरला हंगाम सुरू व्हायचा होता, कपविजेता संघ मैदानात उतरणार नाही अशी चिन्हं होती आणि इतर क्लबांतले खेळाडू पुन्हा संघटनेकडे वळू लागले होते. ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, अडलेला पगार मिळाला. बदल्यात थोड्याच महिन्यांत खेळाडूंनी बहुमतानं कामगार महासंघाशी नातं तोडलं. रॉबर्ट्सला ते शेवटपर्यंत खुपलं. हातातली एकमेव ताकद आपणच मत देऊन घालवली, असं त्याचं मत होतं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती पोकळ नाही. चार पौंड म्हणजे तेव्हाच्या कुशल कारागिराच्या कमाईच्या साधारण दुप्पट. गिरणीतला माणूस सहा पेन्स मोजून आत यायचा आणि मैदानात पळणारा त्याच्याहून जास्त मिळवत असायचा. त्याला संघटनेचं कौतुक का वाटावं? शिवाय खेळ हा काही कापडाचा धंदा नाही. शेजारची गिरणी बुडाली तर या गिरणीला बरंच. समोरचा संघ बुडाला तर मात्र सामनाच होत नाही. पगाराला मर्यादा नसेल तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलतील, ही भीती खोटी नव्हती. 1901 ते 1911 या 11 हंगामांत लीग 6 वेगवेगळ्या क्लबांनी जिंकली, हे मर्यादेच्या बाजूनं सांगता येईल.

पण ते सहा कोण? लिव्हरपूल, सुंदरलँड, शेफील्डचा वेन्सडे, न्यूकॅसल, मँचेस्टर युनायटेड, अॅस्टन व्हिला. सगळे मोठ्या औद्योगिक शहरांतले. मर्यादेमुळे लहान गावांना लीग मिळाली नाही. मोठ्या क्लबांना स्वस्तात खेळाडू मिळाले आणि बाकीचं टेबलाखालून चाललं. 1906 मध्ये मँचेस्टर सिटीच्या 17 खेळाडूंवर जादा पैसे घेतल्याबद्दल कारवाई झाली. मेरेडिथ आणि टर्नबुल त्या निकालातूनच युनायटेडकडे आले. आणि ज्या युनायटेडला कप्तानाला पाचवा पौंड द्यायची मुभा नव्हती, त्याच युनायटेडनं सुमारे 60,000 पौंड ओतून ओल्ड ट्रॅफर्ड बांधलं आणि फेब्रुवारी 1910 मध्ये तिथे पहिला सामना खेळला. पैसा नव्हता असं नाही. तो विटांवर खर्च करायला मोकळीक होती, माणसांवर नव्हती.

कामगार म्हणायचं की नाही हा वाद कोर्टानं त्याच सुमारास मिटवला. क्रिस्टल पॅलेस क्लबच्या वॉकर नावाच्या जखमी खेळाडूच्या दाव्यात अपील न्यायालयानं सांगितलं की, धंदेवाईक फुटबॉलपटू हा भरपाईच्या कायद्यापुरता कामगारच आहे. मैदानात कसं खेळावं हे तो स्वतःच्या कौशल्यानं ठरवतो, म्हणून तो नोकर नाही, हा क्लबचा बचाव टिकला नाही. खेळाची आवड असली म्हणून मजुरी बुडत नाही. लोहाराला लोखंड आवडतं, म्हणून आपण फाळ फुकट लावून घेत नाही.

मुळात त्या खेळाची गर्दीच कामगारांच्या भांडणातून जन्मली आहे. लँकेशायरच्या गिरण्यांत शनिवारी दुपारी भोंगा वाजायचा कायदा 1850 चा. तेव्हापासून शनिवारची दुपार मोकळी झाली, आणि तीन वाजता सामना ही इंग्रजांची जवळजवळ धार्मिक वेळ बनली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती 1890 मध्ये. परळ-लालबागच्या मंडळांची कबड्डी ज्या मोकळ्या वेळात वाढली तो वेळही असा भांडूनच मिळालेला. प्रेक्षकाची सुटी संघटनेनं मिळवली, आणि खेळाडूनं संघटना काढली की तो माजला!

रॉबर्ट्सबद्दलची एक ठरलेली हळहळ मला पटत नाही. इंग्लंडकडून तो तीनच सामने खेळला, आणि संघटनेमुळे निवड समितीनं त्याला डावललं असं सर्रास सांगितलं जातं. ते तिन्ही सामने 1905 चे. संघटना डिसेंबर 1907 ची. मधली दोन वर्षं त्याला कुणी का खेळवलं नाही याचं उत्तर संघटनेत सापडत नाही. पुढच्या वर्षांबद्दल संशय घ्यायला जागा आहे, पण हुतात्मा घडवायच्या घाईत तारखा विसरू नयेत. त्याचं काम त्यावाचूनही पुरेसं मोठं आहे. संघटनाही चुकतात, 1912 मध्ये अॅस्टन व्हिलाविरुद्ध किंगाबी नावाच्या खेळाडूचा दावा संघटनेनं लढवला, हरली, आणि दिवाळखोरीच्या काठावर आली. 'राखून ठेवण्या'ची ती पद्धत कोर्टात मोडायला 1963 उजाडलं, जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात. पगाराची मर्यादा दोन वर्षं आधी, 1961 मध्ये गेली, तीही संपाच्या धमकीनंतर. तेव्हा ती 20 पौंड होती. रॉबर्ट्स जाऊन 21 वर्षं उलटली होती.

आता आपल्याकडे बघू. 2002 मध्ये मन्सूर अली खान पतौडींच्या अध्यक्षतेखाली क्रिकेटपटूंची संघटना निघाली. क्रिकेट मंडळानं मान्यता दिली नाही आणि ती विझली. 2019 मध्ये, मंडळाचा कारभार सुधारायला सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनुसार इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली, मंडळाची मान्यता असलेली. पण तिचे सभासद फक्त निवृत्त खेळाडू. निवृत्तांचे प्रश्न असतात, औषधपाण्याचे, पेन्शनचे, ते सुटायलाच हवेत. पण ज्यानं बॅट ठेवून दिली त्याच्या बहिष्काराला कोण भितं? रणजीतला पोरगा, ज्याचं आयपीएलमध्ये नाव नाही आणि एका मोसमात खांदा गेला तर पुढचा मोसम नाही, त्याच्या वतीनं आज करारावर बोलणारं कुणी नाही. बोलू शकतील असे पाच-सहा जण भारतीय संघात कायम असतात. त्यांच्यावाचून प्रक्षेपणाचा एक तासही विकला जात नाही, हे मंडळालाही ठाऊक आहे.

फुटबॉलमध्ये बायचुंग भुतियानं 2006 मध्ये खेळाडूंची संघटना काढली, आणि काढली तेव्हा तो स्वतः खेळत होता, भारताचा कप्तान होता. हे महत्त्वाचं. तरीही 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगाम संयोजक आणि फुटबॉल महासंघ यांच्या कराराच्या घोळात लटकला, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि खेळाडू वाट बघत बसले. कराराच्या बोलण्यांत त्यांना खुर्ची नव्हती. त्यांनी समाजमाध्यमांवर पत्रकं काढली. फळी होती, पण एका मैदानात जमून ती धरणारे नव्हते. कबड्डीची गत तर विचारूच नका. 2014 पासून प्रो कबड्डी लीगमुळे पैसा आला, घराघरांत नावं पोचली, पण आपल्या पोरांच्या मनात सुरक्षितता म्हणजे अजूनही रेल्वेची किंवा पोलिसातली नोकरी. खेळाडू म्हणून सुरक्षित असणं त्यांनी बघितलेलंच नाही.

रॉबर्ट्सला 1913 मध्ये युनायटेडनं ऑल्डहॅमला विकलं. तिथेही तो कप्तान झाला, आणि 1914-15 मध्ये त्या छोट्या क्लबची लीग एव्हर्टनपेक्षा एका गुणानं हुकली. मग युद्ध, मग जखम, मग संपलं. महायुद्धानंतर काही काळ तो संघटनेचा अध्यक्ष होता. ऑल्डहॅमचा मॅनेजरही झाला, पण बाहेर बसून सामना बघणं त्याला सोसेना, दीड वर्षात सोडलं. पोटापाण्याला मँचेस्टरमधलं तंबाखूचं दुकान होतं. तिथल्या एका मालाला त्यानं 'डुक्रोबेल' असं विचित्र नाव दिलं होतं. युनायटेडच्या मधल्या फळीतले तिघे: डकवर्थ, रॉबर्ट्स, बेल. दुकान त्याचं एकट्याचं, आणि वेष्टनावर नाव तिघांचं.